मोकळ्या, अमर्याद जागेतले श्रोडिंजर समीकरण संगणकावर सोडवताना सीमेवरून परतणाऱ्या लाटेचे काय करावे?

प्रश्न : हरिपूरकर (एम.एस्सी. भौतिकशास्त्र, सांगली)

नमस्कार. मी सांगलीत एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रकल्पासाठी अल्फा-क्षयाचे अगदी सोपे, एका मितीतले प्रारूप संगणकावर चालवून पाहत आहे. अल्फा कण केंद्रकाभोवतीच्या विभवाच्या बांधातून आरपार निसटतो ही उपपत्ती जॉर्ज गॅमो यांनी १९२८ मध्ये मांडली, त्याच कल्पनेचा हा बाळबोध नमुना आहे. शून्यावर भक्कम भिंत, शून्य ते ३ पर्यंत रिकामा खळगा, ३ ते ४ पर्यंत २ उंचीचा बांध आणि ४ च्या पुढे मोकळे रान, एवढीच त्याची मांडणी. एच-बार आणि कणाचे वस्तुमान दोन्ही १ धरले आहेत, त्यामुळे पुढचे सगळे आकडे त्याच एककांत समजावेत. सुरुवातीला खळग्यात साइनची अर्धी लाट ठेवतो आणि जसजसा वेळ जातो तसतशी खळग्यात किती संभाव्यता उरते याचा आलेख काढतो.

वेळेत पायरी-पायरीने पुढे जाण्याची पद्धत क्रँक–निकोलसनची आहे. ग्रिडमधील अंतर ०.०५, वेळेची पायरी ०.०१, आणि ग्रिड ६० वर संपते. तिथे तरंगफल शून्य धरले आहे, कारण कुठेतरी थांबणे भाग होते. आलेख सुरुवातीला छान उतरतो, परंतु वेळ ४० च्या आसपास त्यावर बारीक सुरकुत्या दिसू लागतात, आणि १२० च्या पुढे तो उतरायचा थांबून चक्क डुलू लागतो. मला घातांकी क्षय दाखवायचा आहे आणि त्यासाठी आलेख किमान ४०० पर्यंत स्वच्छ हवा आहे.

६० वर लाट आपटून परत येते, एवढे कळले. म्हणून तिथे शून्याऐवजी "तरंगफलाचा उतार म्हणजे आय गुणिले तरंगसंख्या गुणिले तरंगफल" ही बाहेर जाणाऱ्या लाटेची अट घातली आणि तरंगसंख्या ०.९ ठेवली. सुरकुत्या कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. एका मित्राने सगळे सोडून एफएफटी (जलद फूरिये रूपांतर) वापरायला सांगितले आहे. प्रत्यक्षातली जागा अमर्याद आहे आणि माझी ग्रिड कुठेतरी संपणारच, तर तिच्या टोकाशी नेमके काय लिहावे, याचे मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त मास्तर, सातारा

आधी आलेखाचे निदान करू, कारण तुमच्या दोन्ही आकड्यांत उत्तर दडलेले आहे. तुमच्या खळग्यातील अर्धस्थिर, म्हणजे बराच काळ टिकून हळूहळू झिरपणाऱ्या अवस्थेची ऊर्जा ढोबळ हिशेबाने ०.४ च्या आसपास येते, म्हणजे बाहेर पडणाऱ्या मुख्य लाटेची तरंगसंख्या सुमारे ०.९. तुमच्या एककांत तरंगसंख्या हाच समूहवेग, म्हणजे लाटेचा पुंजका पुढे सरकण्याचा वेग असतो. बांधापासून ६० पर्यंत ५६ आणि तिथून परत ५६, असे ११२ अंतर ०.९ वेगाने कापायला साधारण १२४ वेळ लागतो, आणि आलेख १२० च्या पुढे डुलू लागल्याचे तुम्हीच लिहिले आहे. वेळ ४० च्या सुरकुत्या पावणेतीन-तीन वेगाच्या लाटांच्या आहेत. तुमची सुरुवातीची साइन लाट ३ वर अचानक तुटते, त्या टोकदारपणामुळे तिच्यात बांधाहून उंच ऊर्जेचे घटक मिसळलेले असतात, आणि ते पहिल्या क्षणीच बांधावरून उडी मारून निघून जातात.

तेव्हा प्रोग्रॅममध्ये चूक नाही. तुम्ही जे गणित घातले त्याचे उत्तर बरोबरच आले आहे, फक्त घातलेले गणित वेगळे होते. आमच्या लिंबच्या बारामोटेच्या विहिरीत खडा टाकला की वर्तुळे अष्टकोनी भिंतीपर्यंत जातात आणि माघारी येतात. तोच खडा माहुलीच्या संगमावर भर पात्रात टाकला तर गेलेली लाट पुन्हा दिसत नाही. तुम्ही नदीचे गणित मांडून ते विहिरीत सोडवत आहात. हा दाखला मात्र फार ताणू नका. खोल पाण्यावरच्या मोठ्या लाटांत लांब लाट पुढे धावते, आणि श्रोडिंजर समीकरणात आखूड लाट पुढे धावते, म्हणून तुमच्या आलेखावर बारीक सुरकुत्या आधी आल्या आणि मोठे हेलकावे मागाहून.

जॉन क्रँक आणि फिलिस निकोलसन यांनी १९४७ मध्ये ही पद्धत उष्णतेच्या वहनासाठी दिली होती. श्रोडिंजर समीकरणाला ती लावली की तिचा एक गुण फार उपयोगी पडतो: एकूण संभाव्यता शेवटच्या अंकापर्यंत कायम राहते. इथे मात्र तोच गुण आडवा येतो, कारण टोकाला भिंत असली की काहीही बाहेर जाऊच शकत नाही आणि आत आहे ते आतच घोळत राहते.

एका तरंगसंख्येची अट का पुरली नाही, हेही कागदावर दोन ओळींत निघते. अट ०.९ साठी घातली आणि लाट दुसऱ्याच तरंगसंख्येची आली, तर परतणाऱ्या लाटेचा आयाम म्हणजे दोन तरंगसंख्यांची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज. १.० ची लाट आली तर ०.१ भागिले १.९, म्हणजे संभाव्यतेत पाव टक्क्याच्या थोडे वर, ते चालून जाते. परंतु तिप्पट वेगाची, २.७ ची लाट आली तर १.८ भागिले ३.६, म्हणजे निम्मा आयाम आणि पाव संभाव्यता सरळ परत. तिप्पट हळू, ०.३ ची लाट आली तरीही तेवढेच. अट चुकीची नाही, ती एकाच ऊर्जेच्या प्रश्नासाठी आहे आणि तिथे ती तंतोतंत खरी असते. तुमच्या प्रश्नात एकाच वेळी अनेक ऊर्जा आहेत.

आता माझा प्रतिप्रश्न. तुम्हाला नेमके काय हवे आहे? फक्त आयुष्यमान हवे असेल तर वेळेत समीकरण चालवण्याची गरजच नाही. खळग्यात साइन, बांधात चढती आणि उतरती घातांकी फले, बाहेर फक्त बाहेर जाणारी लाट, अशी जोडणी करा आणि ३ व ४ या दोन ठिकाणी फल व उतार जुळवा. शेवटी तरंगसंख्येचे एकच समीकरण हाती येते, आणि त्याचे मूळ संमिश्र, म्हणजे वास्तव आणि कल्पित असे दोन भाग असलेले निघते. न्यूटनच्या पद्धतीला ०.९ पासून सुरुवात करून द्या, दहा फेऱ्यांच्या आत उत्तर मिळेल. ऊर्जेच्या कल्पित भागाची दुप्पट म्हणजे क्षयाचा दर आणि त्याचा व्यस्त म्हणजे सरासरी आयुष्यमान. माझ्या ढोबळ हिशेबाने ते शंभराच्या आसपास यावे. हे फल बाहेरच्या बाजूला घातांकी वाढत जाताना दिसेल, त्याने घाबरून जाऊ नका. दूरवरचा कण आधीच्या काळात निघालेला असतो आणि त्या काळी आत जास्त संभाव्यता होती, एवढाच त्याचा अर्थ.

आलेखच हवा असेल तर सर्वांत आधी, लाज न बाळगता, डबा मोठा करा. ग्रिड १००० वर संपवली तर ५ पर्यंतच्या वेगाची लाट जवळपास वेळ ४०० पर्यंत माघारी येत नाही, आणि त्याहून वेगवान घटकांची संभाव्यता तुमच्या साइन लाटेत हजारात एकाहूनही कमी आहे. २०,००० बिंदू आणि ४०,००० पायऱ्या म्हणजे ८० कोटी बिंदू-गणिते. दर पायरीला त्रिकर्णी मॅट्रिक्सच सोडवायचे असल्याने आजच्या साध्या लॅपटॉपलाही हे जड नाही.

एफएफटीबद्दल एकच वाक्य: तिथे डबा कड्यासारखा गोल जोडलेला असतो, त्यामुळे उजवीकडून गेलेली लाट डावीकडून आत येते, आणि तुमचा मूळ प्रश्न जागच्या जागी राहतो.

हरिपूरकर

सर, मनापासून आभार. न्यूटनचे मूळ सात फेऱ्यांत स्थिरावले आणि आयुष्यमान आपण म्हणालात त्या आसपासच आले. १००० चा डबाही चालवला. पहिल्या वेळी दुपारी वीज गेली आणि मधले काहीच साठवलेले नव्हते, म्हणून रात्री पुन्हा चालवला. लॉगच्या कागदावर आलेख आता सरळ रेषेत उतरतो आणि त्या रेषेचा उतार न्यूटनच्या उत्तराशी जुळतो.

अडचण अशी की मार्गदर्शकांना बांधाच्या उंचीचे आणि जाडीचे अनेक मेळ हवे आहेत आणि काही मेळांत आयुष्यमान हजारांत जाते. पुढच्या सत्रात हेच दोन मितींत करायचे म्हणतात. तिथे १००० चा डबा म्हणजे बिंदूंची संख्या ऐकूनच प्रयोगशाळेतले संगणक हात जोडतील. म्हणून टोकालाच लाट गिळून टाकणारी व्यवस्था समजून घ्यायची आहे.

उत्तर : फोरट्रानवाली, मिरज

मास्तरांचे निदान अचूक आहे. माझे रोजचे काम याच प्रकारच्या गणितांचे असल्यामुळे व्यवहारातले दोन उपाय आकड्यांसह लिहिते.

पहिला उपाय शोषक विभवाचा. ग्रिडच्या शेवटच्या पट्ट्यात विभवामध्ये उणे आय गुणिले एक धन फल मिळवायचे, म्हणजे त्या पट्ट्यात शिरलेले तरंगफल वेळेबरोबर विझत जाते. तुमच्या प्रोग्रॅममध्ये कर्णावरचे आकडे बदलण्यापलीकडे काहीही करावे लागत नाही, म्हणून नवखा माणूस इथूनच सुरुवात करतो. चिन्हाकडे मात्र दोनदा पाहा; उणेचे अधिक झाले तर तरंगफल विझण्याऐवजी फुगते आणि काही क्षणांत पडद्यावर आकड्यांऐवजी ओव्हरफ्लो येतो. माझ्याकडून हे एकदा नव्हे, तीनदा झाले आहे.

हे फल एकदम सुरू करायचे नाही. उसाच्या पाटात आडवी फळी टाकली तर पाणी थडकून मागे उसळते. पाटात पुढे पुढे दाट होत जाणारे गवत असेल तर तेच पाणी न उसळता तिथल्या तिथे मंदावते. म्हणून पट्ट्याच्या सुरुवातीला शून्य आणि शेवटी कमाल उंची, असे अंतराच्या घनाप्रमाणे वाढणारे फल घ्यावे. समजा पट्टा १० पासून ३० पर्यंत आहे आणि शेवटची उंची १ आहे. पट्ट्यातले या फलाचे एकूण क्षेत्रफळ ५ होते. लाट टोकाला जाऊन परत येईपर्यंत तिचा आयाम ई च्या उणे घाताने कमी होतो, आणि तो घात म्हणजे क्षेत्रफळाची दुप्पट भागिले वेग. तुमच्या ०.९ च्या लाटेसाठी हा घात ११ च्या थोडे वर जातो, म्हणजे परतणारी संभाव्यता अब्जांशाच्याही खाली. परंतु ५ वेगाच्या लाटेसाठी घात अवघा २ येतो, आयाम ०.१३५ उरतो आणि जवळपास दोन टक्के संभाव्यता परत येते, कारण वेगवान लाट विझायच्या आत पट्टा ओलांडून टोकाला पोचते.

मग उंची चौपट करावी, असे सहज मनात येते. वेगवान लाटांचे त्याने भागते, पण हळू लाटांचे बिघडते. ०.१ तरंगसंख्येच्या लाटेची तरंगलांबी सुमारे ६३ आहे, म्हणजे तुमचा २० चा पट्टा तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच. तिला तो गवताचा पाट वाटतच नाही, फळीच वाटते, आणि ती दारातूनच मागे फिरते. वरचे ई-घाताचे सूत्रसुद्धा अशा लाटेला लागू पडत नाही. म्हणून नियम असा लक्षात ठेवावा की पट्टा सर्वांत लांब लाटेच्या हिशेबाने रुंद आणि सर्वांत वेगवान लाटेच्या हिशेबाने उंच असावा लागतो, आणि या दोन्ही मागण्या एकमेकींशी भांडतात.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. विभवाला हात न लावता अंतरच वळवायचे. ठरावीक बिंदूच्या पुढचे अंतर संमिश्र प्रतलात, समजा ३० अंशांनी फिरवले की बाहेर जाणारी लाट त्या वळलेल्या वाटेवर आपोआप घातांकी विझते. तत्त्वतः वळणाच्या जागी परावर्तन होत नाही, मग तरंगसंख्या कितीही असो. रेणू आणि अणूंचे गणित करणारे याला बाह्य संमिश्र मापन म्हणतात आणि त्याची शिस्तबद्ध मांडणी १९७० च्या दशकातली आहे. विद्युतचुंबकीय लाटांसाठी बेरांजे यांनी १९९४ मध्ये दिलेला पीएमएल (परफेक्टली मॅच्ड लेयर) हा शोषक थर वेगळ्या वाटेने आला, परंतु आतून पाहिले तर तोही अंतर संमिश्र करण्याचाच प्रकार आहे.

तोच २० लांबीचा पट्टा घेऊन हिशेब करू. इथे जाऊन-येऊन घात म्हणजे तरंगसंख्या गुणिले ४० गुणिले ३० अंशांचा साइन, अर्थात तरंगसंख्येच्या वीसपट. ०.९ साठी घात १८. ५ साठी १००, म्हणजे ती लाट संपलीच. आणि ०.१ साठी घात २, आयाम पुन्हा तोच ०.१३५. म्हणजे शोषक विभवातून वेग ५ ची लाट जेवढी परतते, तेवढीच इथे वेग ०.१ ची परतते. वेगवान लाटांची कटकट इथे मुळातच मिटते आणि उरतात त्या फक्त अतिशय हळू लाटा. त्यांच्यासाठी पट्ट्यातले बिंदू पुढे पुढे विरळ करत नेऊन पट्टा स्वस्तात लांबवता येतो, कारण विझत चाललेल्या लांब लाटेला दाट ग्रिड लागत नाही. स्क्रिन्झी यांनी २०१० मध्ये हा पट्टा अनंतापर्यंत नेण्याची रीत दाखवली. तिथे शेवटच्या तुकड्यात घातांकी उतरणारी आधारफले वापरतात.

एक सूचना. ग्रिडवर हे वळण एकदम दिले तर त्या बिंदूपाशी दुसऱ्या अवकलजाचे साधे तीन-बिंदू सूत्र फसते आणि जे परावर्तन कागदावर नव्हते ते ग्रिडवर उगवते. वळण दोन-तीन एकक अंतरात हळूहळू द्या. मास्तरांनी सांगितलेले, बाहेर वाढत जाणारे गॅमोचे फलही या वळलेल्या वाटेवर नीट विझते, त्यामुळे आयुष्यमान मॅट्रिक्सच्या आयगेन-मूल्यातून सरळ वाचता येते. तुमचे न्यूटनचे मूळ पडताळायला याहून सोयीची जागा नाही.

उत्तर : गणिती, कराड

वरचे दोन्ही उपाय शोषणाचे आहेत. लाट बाहेर जाऊ देण्याऐवजी ती टोकाशी मारली जाते. हरिपूरकरांच्या मूळ शब्दांना, म्हणजे "टोकाशी नेमके काय लिहावे" याला, नेमके उत्तरही आहे आणि ते इथे नोंदवणे योग्य होईल.

४ च्या पुढे विभव शून्य आहे आणि सुरुवातीला तिथे तरंगफलही शून्य आहे. या दोन गोष्टी खऱ्या असतील तर बाहेरचा सगळा अमर्याद भाग कागदावरच सोडवून टाकता येतो. वेळेवर लाप्लास रूपांतर केले की बाहेरच्या भागात दोन घातांकी फले उरतात, त्यातले अनंताकडे वाढणारे टाकून द्यायचे, आणि उरलेल्या फलातून सीमेवरचा उतार व सीमेवरचे तरंगफल यांचे नाते मिळते. त्या नात्यात लाप्लासच्या चलाचे वर्गमूळ येते, आणि सगळी गंमत त्या वर्गमुळात आहे. वेळेत परत आल्यावर ते अर्ध्या क्रमाचे अवकलज होते: या क्षणीचा उतार ठरवायला सीमेवरच्या तरंगफलाचा आजवरचा सगळा इतिहास लागतो, आणि प्रत्येक जुन्या क्षणाचे वजन उलटलेल्या काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्तात असते. सीमेला स्मरणशक्ती असावी लागते, असे म्हणा. एका तरंगसंख्येच्या अटीत ही स्मरणशक्ती नव्हती. बास्काकोव आणि पोपोव यांनी १९९१ मध्ये हे नाते श्रोडिंजर समीकरणाच्या संगणकीय उत्तरासाठी वापरले. पाण्याखालील ध्वनीच्या गणितात तशाच प्रकारचे समीकरण येत असल्याने तिथे ते त्याआधीपासून परिचित होते.

याचा लाभ पाहा. तुमची ग्रिड ६० किंवा १००० वर नव्हे, ५ वर संपवता येते. १०० बिंदू. शोषक पट्टा नाही, कोन नाही, उंची नाही, जुळवत बसायचे काही नाही. खर्च इतिहासाचा आहे: ४०,००० पायऱ्यांत प्रत्येक पायरीला मागचे सगळे क्षण गुणून बेरीज करायची म्हणजे साधारण ८० कोटी गुणाकार. मास्तरांच्या मोठ्या डब्याचाही आकडा हाच होता, तेव्हा एका मितीत वेळ ४०० पर्यंतच्या कामाला दोन्हींत डावे-उजवे करण्यासारखे फारसे नाही. आयुष्यमान हजारांत गेले तरीही दोन्ही खर्च वेळेच्या वर्गाने वाढतात. फरक पडतो तो इतिहासाच्या वजनांना काही घातांकी फलांच्या बेरजेत बसवल्यावर, कारण मग प्रत्येक पायरीला मागचे सगळे न गुणता मोजकेच धावते आकडे अद्ययावत ठेवावे लागतात आणि खर्च वेळेच्या प्रमाणातच वाढतो. मोठ्या डब्याला अशी पळवाट नाही.

आता सावधगिरी. हे नाते अखंड समीकरणाचे आहे आणि तुमची लाट ग्रिडवर चालते. ग्रिडवरची लाट कागदावरच्या लाटेहून हळू असते: अंतर ०.०५ असताना ५ तरंगसंख्येची लाट ४.९५ वेगाने जाते, आणि अंतर ०.२ ठेवले तर ४.२ नेच. सीमा अखंड समीकरणाची भाषा बोलते आणि आतली लाट ग्रिडची, मग थोडे परावर्तन होतेच. शिवाय इतिहासाचे संकलन वाटेल त्या पद्धतीने केले तर क्रँक–निकोलसनची बिनशर्त स्थिरता हातची जाते आणि शंभर पायऱ्या सुरळीत गेलेले गणित पुढे अचानक फुटते. अर्नोल्ड यांनी १९९८ मध्ये यावर नेटका मार्ग दिला. आधी आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही भागांत क्रँक–निकोलसनच लावायची, म्हणजे बाहेरही अमर्याद ग्रिड आहे असे मानायचे, आणि मग ती ग्रिडच लाप्लासऐवजी झेड-रूपांतराने (तुटक पायऱ्यांसाठीचे तसेच रूपांतर) कागदावर सोडवायची. अशी विविक्त, म्हणजे तुटक बिंदू-पायऱ्यांसाठीच काढलेली सीमा ग्रिडच्या लाटेलाही परावर्तित करत नाही आणि स्थिरताही टिकते. तुम्ही ही आवृत्तीच वापरावी, असा माझा आग्रह आहे.

फोरट्रानवाली ताईंच्या "अतिशय हळू लाटा" या मुद्द्याला एक जोड देतो, कारण तो वाटतो तितका किरकोळ नाही. क्षय शेवटपर्यंत घातांकी राहत नाही. ऊर्जेला खालून मर्यादा असल्यामुळे फार उशिरा तो घातांकीहून मंद झालाच पाहिजे, हे खाल्फिन यांनी १९५० च्या दशकात दाखवले. तुमच्यासारख्या प्रारूपात ती शेपटी उरलेल्या संभाव्यतेत वेळेच्या उणे तिसऱ्या घाताने उतरते. ती शेपटी तयार होते नेमक्या शून्याजवळच्या ऊर्जांतून, म्हणजे ज्या लाटा दोन्ही शोषक पट्ट्यांना दाद देत नाहीत त्यांतूनच. म्हणून पट्टा लावून काढलेल्या आलेखात उशिराचा वाक दिसला तर तो खाल्फिनचा की पट्ट्याचा, हे सांगता येत नाही. स्मरणशक्ती असलेल्या सीमेला हळू लाटांचे वावडे नाही. तुमच्या ४०० पर्यंतच्या आलेखात ही शेपटी येणार नाही. वीस आयुष्यमाने उलटल्यावर आत उरते ते सुमारे दोन अब्जांश, आणि शेपटी त्या पातळीच्या आसपास किंवा त्याखाली शोधावी लागते.

हरिपूरकर

पंधरा दिवस घेतले, पण तिन्ही करून पाहिले. विविक्त सीमा ५ वर बसवली. आत उरलेली संभाव्यता आणि ५ मधून आजवर बाहेर गेलेला प्रवाह यांची बेरीज प्रत्येक पायरीला छापली, ती १ वरून हलली नाही. १००० च्या डब्याचा आलेख आणि हा आलेख एकमेकांवर ठेवले तर रेषा एकच दिसते. शोषक विभवाची उंची मुद्दाम वाढवत नेली तेव्हा सुरुवातीच्या सुरकुत्या गेल्या खऱ्या, पण नंतरचा आलेख सरळ रेषेच्या दोन्ही बाजूंना किंचित डुलू लागला. ताईंनी सांगितलेले दोन मागण्यांचे भांडण डोळ्यांनी पाहायला मिळाले. आणि हो, चिन्ह माझेही एकदा चुकले.

आता शेवटची शंका. खऱ्या अल्फा-क्षयात बाहेर मोकळे रान नसते, कूलोंबचे प्रतिकर्षण अंतराच्या व्यस्तात पसरलेले असते आणि ते शून्य कधीच होत नाही. मग ५ वर सीमा आणून ठेवणे चालेल का?

उत्तर : गणिती, कराड

चालणार नाही. सीमेबाहेर विभव स्थिर आहे, या एका गोष्टीवर ते सगळे वर्गमूळ उभे होते. कूलोंबसाठी बाहेरचा भाग कागदावर सोडवता येतो, पण वर्गमुळाच्या जागी व्हिटेकर फले (कूलोंब समीकरणाची विशेष फले) येतात आणि इतिहासाची वजने काढणे हेच स्वतंत्र काम होऊन बसते. या ठिकाणी मी ताईंच्या बाजूने मत देईन: अंतराचा व्यस्त हे फल संमिश्र अंतरासाठीही सुरळीत राहते, त्यामुळे वळलेल्या वाटेवर विभवात तेच वळलेले अंतर घातले की काम होते.

उत्तर : फोरट्रानवाली, मिरज

त्यात एवढीच भर घालते की वळण बांधाच्या बाहेर, विभवाचे टोकदार कोपरे संपल्यावरच सुरू करा, आणि कोन ३० अंशांवरून २० आणि ४० करून तिन्ही वेळा आयुष्यमान काढा. बरोबर असेल तर ते कोनाबरोबर हलणार नाही. हलले तर पट्टा लांबवा किंवा ग्रिड दाट करा, आणि आकडे इथे टाका, पाहू.